कॉफीच्या मळ्यातली चार मोहाची झाडं

कॉफी मला आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या देवरूखकडे पाहुणा आला की चहा, रुसला की चहा आणि उठायचं नाव घेईना की पुन्हा चहा. साठी उलटेपर्यंत माझं त्यावर छान भागलं होतं. पण माझी भाची मंजू लग्न होऊन ब्रह्मपुरीला गेली, तिथल्या कॉलेजात शिकवायला लागली आणि "मावशी, एकदा ये, आमचं जंगल बघ" असा धोशा लावून बसली. यंदा मार्च संपता संपता गेले. बाईसाहेबांनी आमचा बेत आधीच ठरवून ठेवला होता. धानोऱ्याच्या पलीकडे एक कॉफीचा मळा, तिथे मुक्काम, मळ्याची फेरी आणि शेवटी कॉफी चाखण्याचा कार्यक्रम.

"गडचिरोलीत कॉफी?" मी म्हटलं.

"तेच तर बघायचं," मंजू म्हणाली.

उन्हाळ्यात जिथे कावळासुद्धा सावली सोडत नाही, तिथे कॉफी लावणारा माणूस एक तर फार हुशार असणार किंवा फार हट्टी. दोन्ही जातींची माणसं मी घरात पाहिलेली आहेत. त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही, थोडी धास्ती मात्र वाटली.

ब्रह्मपुरीहून पुढे

ब्रह्मपुरी भाताचं गाव. आम्हीही भात खाणारे, म्हणून पहिल्या दिवशी मला अगदी घरच्यासारखं वाटलं. मंजूच्या सासूबाईंनी वांग्याची भाजी केली होती, वर तेलाचा तवंग आणि आत जवसाचं कूट. ओल्या खोबऱ्याचा मागमूस नाही. मी मनातल्या मनात नाक मुरडलं आणि दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जीपने वैनगंगा ओलांडली. आरमोरीपर्यंत दोन्ही बाजूंना भाताच्या खाचरांची वाळलेली खुंटं, आणि पुढे हळूहळू रान रस्त्याला येऊन भिडलं. सागाची पानं गळलेली, पळस फुलून ओसरत आलेला. मध्येच एखाद्या झाडाखाली बाईमाणूस वाकून काहीतरी वेचताना दिसायचं. झाडाखालची जमीन मात्र अंगणासारखी झाडलेली. चहूकडे पाचोळ्याचा खच आणि झाडाखाली तेवढा लख्ख गोल. असे कितीतरी गोल दिसले.

"मोह वेचतात," मंजू म्हणाली. "पहाटे फुलं गळतात. वाळवून वर्षभर खातात, विकतात."

आणि दारू गाळतात, हे मी म्हटलं नाही. पण तेवढंच मला ठाऊक होतं, हे कबूल करायला हवं.

मळा

मळ्याचा मालक प्रशांत. चाळिशीचा, ब्रह्मपुरीच्याच धानवाल्या घरातला, बंगलोरला बरीच वर्षं नोकरी करून परतलेला. रानाला लागून असलेली ही जमीन त्याच्या आजोबांची. आजोबांनी ती कधी धड कसली नाही, वडिलांनी तर पाहिलीही नाही. नाल्याकाठची मऊ माती आणि मोठ्या झाडांची सावली बघून प्रशांतने तीन पावसाळ्यांपूर्वी कॉफी लावली. माणूस गोड बोलणारा. मला आल्या आल्या 'काकू' केलं आणि माठातलं पाणी स्वतःच्या हाताने दिलं. त्याच्याबद्दल वाईट मत करून घेण्याची मला संधीच दिली नाही, आणि याचा मला शेवटपर्यंत त्रास झाला.

आमच्याबरोबर नागपूरचं एक तरुण जोडपं होतं. त्यांनी मळा कमी आणि मोबाइल जास्त पाहिला. त्यांच्याविषयी इतकं पुरे.

मळ्याची फेरी घडवायला कविता होती. शेजारच्या गोंड पाड्यावरची मुलगी, बारावी झालेली, चुणचुणीत. साडीवर तपकिरी एप्रन, त्यावर कॉफीच्या बीचं चित्र. ती पाठ केलेलं पुस्तकी मराठी बोलायची, आणि पाठ केलेलं संपलं की आपल्या बोलीवर यायची. मला दुसरी कविता आवडली.

कॉफीची झुडपं माझ्या कमरेएवढी. पाणी दिल्यामुळे काहींना पांढरी फुलं आली होती, मोगऱ्याच्या धाकट्या बहिणीसारखा वास. झुडपांखाली पाचोळ्याचा जाड थर, घोटाभर. "ओल टिकायला हवी, म्हणून हे आच्छादन," कविता म्हणाली. "कॉफीला डोक्यावर सावली आणि पायाशी पाचोळा लागतो." सावलीसाठी ऐन होते, बेहडा होता आणि मधोमध चार थोरले मोह. त्या चार झाडांखाली आलो आणि एक आंबूस, गोडसर वास नाकात शिरला.

"या झाडांचा मोह आमच्या कॉफीत उतरतो," कविता म्हणाली. "तुम्हाला चवीत तो गोडवा जाणवेल."

नागपूरकरांनी लगेच डोळे मिटून हवा हुंगली. मला गप्प राहवत नाही. "कॉफी तोडता केव्हा?" मी विचारलं.

"थंडीत."

"आणि मोह गळतो आत्ता. मग उतरतो कसा?"

कविता जरा माझ्याकडे बघत राहिली, मग हसली. "तसं सांगा लागते, बाई," ती हळूच म्हणाली.

पुढच्याच पावलाला माझा पाय घसरला आणि मी जमिनीवर बसले. आच्छादनावर पिवळट पांढऱ्या फुलांचा बुळबुळीत थर होता. द्राक्षाएवढी गुबगुबीत फुलं, निम्मी कुजलेली, पाचोळ्यात रुतलेली, झुडपांच्या फांद्यांत अडकलेली. कविताने मला उठवलं, साडी झटकली. मला लागलं काहीच नव्हतं, पण रस्ताभर जे वेचताना पाहिलं होतं ते इथे सडत पडलंय, हे माझ्यातल्या कोकणी बाईला खुपलं. आमच्याकडे पडलेला आंबा फुकट गेला तर शेजारीण चार दिवस त्याचीच चर्चा करते.

"हा कुणी वेचत नाही का?" मी विचारलं.

कविताचं हसू गेलं. "माही आई वेचते. वेचत होती." मग तिने एप्रन सारखा केला आणि सगळ्यांना ठिबकच्या नळ्या दाखवायला पुढे नेलं.

सोमरीबाई

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला टप टप आवाजाने जाग आली. पाऊस म्हणावा तर आभाळ कोरडं. बाहेर आले. मोह गळत होता. एक फूल, जरा थांबून दुसरं, मग एकदम पाच-सहा.

त्या चारांपैकी कडेच्या झाडाखाली एक म्हातारी बसली होती. शेजारी टोपली आणि खराटा. तिने झाडाखालचा पाचोळा आणि आच्छादन सगळं बाजूला ओढलं होतं, झुडपांच्या बुंध्यांमधून हात घालून घालून. काल रस्त्याने पाहिले होते तसाच एक गोल, पण ओबडधोबड, मध्ये कॉफीची झुडपं उभी. त्या स्वच्छ मातीवर फुलं पडत होती आणि ती एकेक उचलत होती.

मी जवळ जाऊन बसले. हीच कविताची आई, सोमरीबाई. मी कुठली, कशाला आले, मुलंबाळं किती, हे तिने विचारून घेतलं. मग माझी पाळी.

"सगळ्याच झाडांखाली झाडून का ठेवतात?"

"मंग मोह कोनाचा, ते कसं समजन?" ती म्हणाली. "ज्यानं बुड झाडलं, मोह त्याचा. झाड कोनाच्याई वावरात राहो. बुड झाडलं का मंग कोनी हात नाई लावत."

बूड म्हणजे झाडाखालची जमीन. ही चार झाडं तिच्या सासूने झाडली, सासूच्या सासूने झाडली. जमीन प्रशांतच्या आजोबांच्या नावावर होती, पण फुलांवर त्यांनी कधी हक्क सांगितला नाही. पूर्वी पाचोळा जाळून बूड साफ करत. प्रशांतने आल्यावर सांगितलं, आग लावायची नाही, रान पेटतं. ते तिला पटलं, तिने आग सोडली आणि खराटा धरला. पहिली दोन वर्षं झुडपं लहान होती, मधून झाडता येत होतं. यंदा ती वाढली, आच्छादन जाड झालं आणि प्रशांतने सांगितलं, आता झाडायचंही नाही.

"हात न लावणारी माणसं आम्हाला नाही बाई माहीत," मी म्हटलं. "आमच्याकडे पडलेला आंबा ज्याने उचलला त्याचा. वारा सुटला की अंधारात कंदील घेऊन धावतात."

"दुसऱ्यानं झाडलेल्या बुडातला?" तिने असं काही बघितलं, की मला कोकणातर्फे लाज वाटली.

मग तिने एक गोष्ट सांगितली. तिचा नवरा वारला तो मोहाच्याच दिवसांत. ती सुतकात घरी, झाडांकडे फिरकली नाही. बूड त्याआधीच झाडलेलं होतं. "दहाव्यानंतर आलो त ढीग पडला होता. वाळून गेलता, पन एक फूल कोनी नेलं नाई. पाड्यावरच्या बाया जातायेता ढोरं हाकलत होत्या. थो मोह आमी वर्षभर खाल्ला." ती फूल उचलताना थांबली नव्हती. "मानूस गेला, पन घरात दाना होता. या झाडांचा."

म्हणजे प्रश्न एवढाच होता, की या चार झाडांचा मोह यंदा सोमरीबाईला मिळणार की नाही. बाकी रानातली झाडं दुसऱ्यांनी केव्हाच झाडून ठेवली होती. हंगाम अर्ध्यावर आला होता आणि तिच्या टोपलीत जेमतेम तळ झाकला होता.

चव

प्रशांत आला तो नागपूरकरांना घेऊनच. त्याने उघडी पडलेली झुडपांची मुळं पाहिली, बाजूला ओढलेली ठिबकची नळी पाहिली. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, भांडणात माणसाला बाजू तरी घेता येते.

"आजी, मी काय सांगितलं होतं?" तो म्हणाला. "फुलं तुमचीच आहेत. मी कधी नाही म्हटलं का? पण उन्हात मुळं उघडी पडली तर झुडूप मरते. तीन वर्षांची मेहनत आहे माझी."

"मंग वेचू कुठून? झुडपातून?" सोमरीबाई म्हणाली. "चिखल झाला त्याचा."

तो खोटं बोलत नव्हता आणि तीही नाही. कविता एप्रन घालून दोघांच्या मध्ये उभी. एकीकडे आई, दुसरीकडे नोकरी, आणि पाहुणे बघतायत. त्या मुलीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

मग तीच बोलली. "भाऊ, जाळी लावू."

धानोऱ्याला बचत गटाच्या कुठल्याशा शिबिरात तिने ते पाहिलं होतं. झाडाखाली माणसाच्या उंचीवर हिरवी जाळी ताणून बांधायची, फुलं वरच्यावर जाळीत पडतात. "आग नाई, झाडनं नाई. कॉफीले काई होत नाई आन यायोले मोहबी साफ भेटते." गोंडीत आईला यायो म्हणतात.

प्रशांतने तिच्या पाठीवर थापच मारायची बाकी ठेवली. जाळी आजच आणवतो म्हणाला. नागपूरकरांनी टाळ्या वाजवल्या. मंजूला भरून आलं. मलाही वाटलं, पोरगी हुशार आहे, साप मेला आणि काठीही वाचली. सोमरीबाईने टोपली उचलली, खराटा काखेत धरला आणि गेली. ती गेल्यावर मळ्यावरच्या माणसाने आच्छादन पुन्हा झाडाखाली सारखं केलं.

त्यानंतर कॉफी चाखण्याचा कार्यक्रम. लाकडी टेबल, पांढऱ्या वाट्या, चमचे. कॉफी चमच्याने घ्यायची, आवाज करत ओढायची, तोंडात घोळवायची आणि मग काय आठवतं ते सांगायचं. आवाज करून पिणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर धपाटे घातले आणि इथे त्याचंच शिक्षण मिळत होतं. नागपूरकरांना चॉकलेट आठवलं, संत्रं आठवलं. प्रशांतने प्रामाणिकपणे सांगितलं की या मळ्याचं पीक अजून ओंजळभरच आहे, वाट्यांमध्ये निम्म्याहून जास्त बी दक्षिणेकडून आणलेलं आहे. हा त्याचा खरेपणा मला आवडला आणि कॉफी तशीच कडू राहिली.

"काकू, तुम्हाला काय आठवलं?"

"महासुदर्शन काढा," मी म्हटलं.

तो मनापासून हसला. साखर मागितली तर मात्र दिली नाही. चव बिघडते म्हणाला. जिथे चव नव्हतीच तिथे बिघडणार काय, हे मी पाहुणी म्हणून गिळलं, कॉफीसकट.

पुन्हा मळ्यावर

तिथून आम्ही गडचिरोलीला मंजूच्या मैत्रिणीकडे राहायला गेलो. गेल्यावर कळलं की माझा चष्मा मळ्यावरच राहिला. चष्म्याशिवाय मी म्हणजे नुसती बडबड. म्हणून चार दिवसांनी परत त्याच रस्त्याने गेलो.

जाळी लागली होती. चारही मोहांखाली, कॉफीच्या डोक्यावर हिरवा मांडव घातल्यासारखी, आणि त्यात कालपरवाची नाहीत, आजचीच ताजी फुलं. मळ्यावरची माणसं जाळीची एक बाजू सैल करून फुलं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ओतत होती. काडी नाही, माती नाही. मी पडले होते ती जागा कोरडी ठणठणीत.

"एक फूल वाया जात नाही, काकू," प्रशांत म्हणाला. पण त्याचा आवाज उतरलेला होता. "रोज आजीच्या दारात नेऊन ठेवतो. क्रेट भरून. ती घेतच नाही. मी काय चुकलो, तुम्हीच सांगा."

कविता चष्मा घेऊन आली. डोळे सुजलेले. "तुमी चला माह्या घरी," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलते यायो."

पाडा मळ्याच्या कुंपणाला लागूनच. सोमरीबाईचं अंगण पाहिलं आणि मी दारातच थांबले. सगळं अंगण सारवून झाडून लख्ख केलेलं होतं. एका कोपऱ्यात क्रेट ठेवले होते, एकावर एक. खालच्या क्रेटमधली फुलं काळी पडून आंबली होती, वर माशा घोंघावत होत्या. आणि त्या क्रेटांच्या भोवती हातभर जागेत पाचोळा तसाच पडलेला होता. तेवढाच तुकडा तिने झाडला नव्हता. पाड्यावरच्या बाया समोरून जात येत होत्या, एकीनेही त्यांना हात लावलेला नव्हता.

सोमरीबाई ओट्यावर बसली होती. मला पाट दिला.

"घेत का नाही?" मी सरळच विचारलं. "तुमच्याच झाडांची आहेत."

"मी कुठी झाडलं बुड?"

"जाळीमुळे झाडायची गरजच राहिली नाही ना आता."

"तेच त," ती म्हणाली. "न झाडता घेतलं त कोनाचं घेतलं? दुसऱ्याचंच ना. आजवर कोनाचं फूल उचललं नाई मी."

मला वाद घालायची खोड आहे. मी म्हटलं, "मग जाळीखाली नुसता खराटा फिरवा की एकदा. पाचोळ्यावरून, वरच्यावर. तुमचाही मान राहील, प्रशांतचीही झुडपं राहतील."

"खोटं खोटं झाडू? कोनाले दाखवाले?" ती रागावली नव्हती. लहान मुलाला समजावावं तसं बोलली. "बाया मानतीन हो. म्हनतीन, सोमरीनं झाडलं. मले त माहीत राह्यन ना."

कविता उंबऱ्यात बसली होती. ती गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागली. "मले माहीत होतं," ती म्हणाली. "लहानपनापासून माहीत हाये, बुड झाडल्याबिगर मोह नसते. पन मले वाटलं, यायोच्या झाडाले कोन इचारते? कोनी भांडाले येनार हाये का? फुलं घरात आली म्हंजे झालं. म्या जाळी नसती सांगितली त भाऊ आनखी थोडं ऐकलाबी असता. एका झाडाखाली तरी झाडू देला असता."

खरं सांगते, मला त्या क्षणी संताप आला. प्रशांतचा नाही, म्हातारीचा. इतकी कसली ती ताठ मान, असं वाटलं. घरात वर्षाचं अन्न येऊन पडलंय, पोटची पोर रडतेय, आणि ही कोपरा झाडत नाही. मग मला तो वाळलेला ढीग आठवला, आणि ढोरं हाकलणाऱ्या बाया. त्या बायांनी तेव्हा हात लावला असता तर कुणी बघणारं नव्हतं. माझा संताप तिथेच बसला आणि त्याचं काय करावं मला कळेना.

सोमरीबाई आत गेली आणि एक लहान मडकं घेऊन आली. त्यात हात घालून तिने एक लाडू काढला. मोह भाजून, जवस घालून कुटलेला, काळपट. मडकं उपडं करून दाखवलं, आत काही नव्हतं.

"मागल्या सालचा हाये," ती म्हणाली. "म्या झाडलेल्या बुडाचा. खा."

मी नको म्हटलं, पण असल्या वेळी नको म्हणणं कुणी ऐकत नाही. तिने लाडू फोडला. अर्धा माझ्या हातावर ठेवला आणि अर्धा कविताच्या. कविताने तो मुठीत धरला आणि नुसती बघत राहिली. मी खाल्ला. मनुकांसारखा गोड, मागाहून धुराची चव आणि जवसाचा तेलकटपणा. त्या मळ्यात दोन दिवस ज्या गोडव्याचं नाव ऐकत होते, तो हा होता, आणि तो संपला होता.

मळ्याकडून हाक आली. नवे पाहुणे आले होते. कविताने डोळे पुसले, अर्धा लाडू पदराच्या टोकाला बांधला, वरून एप्रन बांधला आणि गेली. जाताना आईकडे बघून गेली. सोमरीबाईने मान हलवली, जा म्हणून.

आम्ही दोघी ओट्यावर बसून राहिलो. मंजू जीपवाल्याला फोन लावत होती. थोड्या वेळाने कुंपणापलीकडून कविताचा आवाज आला, पाठ केलेला, स्वच्छ. प्रशांतने म्हणे आता फेरीत एक नवं वाक्य घालून दिलं होतं. आजीचा मान राहावा, एवढाच त्याचा हेतू होता, हे मी त्याच्या बाजूने शपथेवर सांगेन. "ही चारही झाडं माझ्या आईची आहेत," कविता सांगत होती. "आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या या झाडांचा मोह वेचतात. तोच गोडवा आमच्या कॉफीत उतरतो."

सोमरीबाईने कान दिला. ते मराठी तिला नीट लागत नसावं, किंवा लागत असूनही दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असावं.

"काय सांगून राह्यली थे?" तिने मला विचारलं.

"ही झाडं माझ्या आईची आहेत, असं सांगतेय."

"बुड कोनं झाडलं, थेबी सांग म्हना तिले," ती म्हणाली.

जीप आली. मी उठले, तशी तीही उठली. तिने कोपऱ्यातला खराटा घेतला, मी बसले होते तिथे सांडलेला लाडवाचा चुरा झाडला, तसंच पुढे झाडत झाडत क्रेटांभोवतीच्या पाचोळ्यापर्यंत गेली आणि तिथे थांबली.